पाटी ज्याची, तो गाडीत

बायकोनं आणि मी मिळून शेवटचं जे काही केलं, ते म्हणजे आमच्या साडूला हसलो. पोट धरून हसलो. ती दुकानात तिच्या खुर्चीत बसून सुपात तूरडाळ निवडत होती, मी ट्रकच्या ट्यूबला ठिगळ लावत होतो, आणि शहागडच्या त्या हायवेवर आमच्या दुकानासमोर साडूची जीप येऊन उभी राहिली. जीप त्याचीच, पण चालवणारा दुसरा. पुढं डाव्या बाजूला, साहेबाच्या जागेवर, कुठल्याशा खात्याचे साहेब मान टाकून झोपलेले. बंपरवर शहरातल्या एका बड्या कंपनीच्या नावाची चकचकीत पाटी. आणि मागं, साहेबांच्या बॅगा, फायलींचे गठ्ठे आणि मोसंबीचं एक पोतं यांच्या मधोमध आमचा साडू ताठ बसलेला. मांडीवर त्याची स्वतःची जुनी पाटी, कापडी खोळीत घातलेली, तान्ह्या लेकरासारखी दोन्ही हातांनी धरलेली.

मी म्हणालो, "उतरा की साडू, चहा घ्या."

तर आतूनच म्हणाला, "उतरता येत न्हाई पाव्हणं. आज मी कंपनी हाये."

बायको अशी हसली की सुपातली डाळ निम्मी खाली सांडली. म्हणाली, "दाजी, कंपनीला पाणी तरी चालतंय का?"

"चालतं आक्का. पण हितंच आणून द्या."

तिनं तांब्या नेऊन दिला. तो वरून पाणी प्याला, मिशा पुसल्या, चालवणाऱ्याच्या खांद्यावर बोटानं टिचकी मारली आणि कंपनी निघून गेली. आम्ही दिवेलागणीपर्यंत हसत होतो. जरा गप्प बसलं की ती म्हणायची, "आज मी कंपनी हाये," आणि पुन्हा सुरू. शेवटी पदरानं डोळे पुसून म्हणाली, "असा माणूस जिल्ह्यात दुसरा न्हाई बघा."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. त्याचं पुढं सांगतो. आधी साडूचं सांगतो, कारण ती असती तर तिनंच म्हटलं असतं, आधी दाजीचं सांगा, लोकांना हसू द्या.

जालना जिल्ह्यात सरकार आलं ते आमच्या साडूच्या जीपमधी बसून आलं, असं माझं स्वच्छ मत आहे. जालना आधी औरंगाबाद जिल्ह्यात होतं. मंग जिल्हा वेगळा झाला. साहेब आले, कारकून आले, कपाटं आली, घंटी वाजवायला शिपाई आले, पण साहेबांना खेड्यापाड्यात न्यायला गाड्या आल्या नाहीत. तेव्हा सरकारनं भाड्यानं जीपा लावायचं टेंडर काढलं. आमचा साडू तेव्हा अंबड ते तीर्थपुरी जुन्या जीपमधून सवाऱ्या वाहायचा. आत मावतील तेवढ्या आत, बाकीच्या बाहेर लटकलेल्या, बोनेटवर एखादा पैलवान. असा माणूस टेंडर भरतो म्हणल्यावर आम्ही सगळे हसलो, आणि त्यालाच ते लागलं. त्या दिवसापासून माणूस बदलला. सकाळी उठून आंघोळ, इस्त्रीचा सदरा, तंबाखू बंद, बायकोशीसुद्धा "आपण" म्हणून बोलणं. मला येऊन म्हणाला, "पाव्हणं, आता मी सरकार हाये."

मला तोंडावर बोलायची खोड. मी म्हणालो, "सरकार न्हाई. सरकारची भाड्याची गाडी हाये तुम्ही."

पोळ्यापर्यंत माझ्याशी बोलला नाही.

त्यानं जालन्याच्या पेंटरकडून एक पाटी रंगवून घेतली. वरच्या ओळीत "शासकीय कामावर" आणि खालच्या ओळीत स्वतःचं नाव, बापाच्या नावासकट, आडनावासकट. पेंटर म्हणाला, नावाची जरूर नाही, नुसतं शासकीय लिहिलं तरी भागतं. हा म्हणाला, "उद्या गाडी बंद पडली तर लोक शिव्या कुणाला देतील? शासनाला पत्ता असतो का?" पाटीला खोळ पाहिजे होती, ती माझ्या बायकोनं शिवून दिली, जुन्या काळ्या चादरीची, वर नाडी घातलेली. साडूचा कायदा असा की साहेब गाडीत बसले की खोळ काढायची, साहेब उतरले की खोळ चढवायची. खोळ चढली की तो आमच्यासारखा माणूस, खोळ उतरली की सरकार. कुंभार पिंपळगावात सोयऱ्यांच्या घरी लग्न होतं. नवरदेव याच्या जीपमधून येणार होता. त्याच्या मित्रांनी हट्ट धरला, खोळ काढा, पाटी दिसू द्या, वट पडंल. साडू वेशीतच जीप उभी करून खाली उतरला. म्हणाला, "नवरदेव शासकीय कामावर हाये का? सांगा." वाजंत्री थांबले, घोळका जमला, मुहूर्त टळायची वेळ आली. तेव्हा माझी बायकोच पुढं झाली. म्हणाली, "दाजी, नवरदेव बराबर सरकारीच दिसून राह्यलाय. करायचं काही न्हाई, अन् मान तेवढा पाह्यजे. पण आता खोळ राहू द्या अन् गाडी चालू द्या." सगळे हसले, नवरदेवसुद्धा. खोळ तशीच राहिली आणि लग्न लागलं.

दुसरी त्याची खोड म्हणजे दार. जीपला दार नावालाच असतं, पण तो धावत जाऊन ते उघडायचा, आणि माणूस बसल्यावर हलक्या हातानं लावायचा. साहेबांसाठी करता करता हात तसेच वळले. मंग कुणीही असो. त्याच्या जीपमधून मी एकदा बाजारातून शेळी आणली. तिलाही त्यानं दार उघडलं, वाकला, ती चढेपर्यंत थांबला आणि विचारलं, "ड्युटी कुठवर?" ते त्यानं मला विचारलं असं तो म्हणतो. मी तिथं होतो. त्यानं शेळीलाच विचारलं.

आता त्याचा मोठा कायदा सांगतो, ज्याच्यावर हे सगळं उभं आहे. एकदा ऐन ड्युटीच्या दिवशी त्याच्या जीपचा गिअरबॉक्स बसला. आरोग्य खात्याच्या डॉक्टरीणबाईंना कुंभार पिंपळगावला लेकरांना लस टोचायला जायचं होतं. साडूनं शेजारच्या जीपवाल्या मामूला सांगितलं, तुमची गाडी न्या, माझी पाटी लावा. मामू भला माणूस, गाडीही चांगली. पण त्याच्या डोक्यात पिंपळगाव एकच होतं, त्याच्या सासुरवाडीचं. आपल्याकडं पिंपळगावं पायलीला पन्नास. मामूनं डॉक्टरीणबाईंना थेट सासुरवाडीला नेलं. गावानं सरकारी पाटी बघितली, सरपंचानं हार घातला, शाळा सुटली, पोरं ओळीत उभी राहिली. बाई नवीन होत्या. टोचून झालं, जेवण झालं, मामूच्या सासूनं बाईंची ओटी भरली, आणि निघताना बाईंनी सरपंचाला विचारलं, इथला कुंभारवाडा कुठाय? तर त्या गावात कुंभाराचं एक घर नव्हतं. तिकडं कुंभार पिंपळगावच्या बायका लेकरं कडेवर घेऊन दिवसभर उन्हात बसलेल्या.

साहेब लोक हसले आणि विसरले. तसं कुणाचंच नुकसान झालं नव्हतं, दुसऱ्या दिवशी बाई बराबर गावाला जाऊन आल्या. पण साडू विसरला नाही. तो स्वतः कुंभार पिंपळगावला गेला आणि पाराजवळ बसलेल्यांच्या पाया पडून म्हणाला, काल गाडी माझ्या नावाची होती आणि मी तिच्यात नव्हतो, माझं चुकलं. लोकांना काही कळेना, कारण गाडी त्यांच्याकडं आलीच नव्हती. एक म्हातारी म्हणाली, "बाबा, तू कोन? कामून पाया पडून राह्यला?" त्या दिवसापासून कायदा झाला. पाटी ज्याची, तो गाडीत. गाडी कुणाचीही असो, चालवणारा कुणी असो, पाटीवर ज्याचं नाव त्यानं गाडीत बसायचं. पुढं कितीदा त्याची जीप दुरुस्तीला असायची, दुसऱ्याची गाडी जायची, आणि हा पाटी लावून मागं सामानात अंग चोरून बसायचा. ताप असला तरी.

हा कायदा त्यानं जीपपुरता ठेवला असता तर माझी काही तक्रार नव्हती. मी हायवेवर हे पंक्चरचं दुकान टाकलं तेव्हा पाटीवर काय लिहायचं हा प्रश्न आला. मी म्हणालो, लेकीचं नाव टाकू. बायको म्हणाली, लेक उद्या सासरी जाईल, नाव बदलंल, माझं टाका, मी कुठं जाऊन राह्यले? मंग वरच्या ओळीत तिचं नाव लिहिलं आणि खाली "येथे पंक्चर काढून मिळेल". साडू नारळ घेऊन आला. पाटी वाचली आणि विचारलं, "आक्का कुठं हाये?"

"घरात. भाकरी करून राह्यली."

"मंग पाटी झाका."

मी म्हणालो, "साडू, पंक्चर मी काढतो. ती बसून काय करंल?"

"ट्रकवाला नाव वाचून थांबंल. ते नाव हितं नको का?"

नारळ हातात घेऊन तो उन्हात उभा राहिला, फोडीना. शेवटी ती हसत हसत घरातली लोखंडी खुर्ची आणि डाळीचं सूप घेऊन आली आणि दुकानात बसली. तेव्हा त्यानं नारळ फोडला. मला वाटलं, आजच्या दिवस बसंल. ती दुसऱ्या दिवशीही आली. म्हणाली, "दाजी अचानक आले तर?" मंग रोजच. भाकरी झाली की सूप घेऊन यायची, निवडायला काही नसलं तर निवडलेलंच पुन्हा निवडायची, ट्रकवाल्यांना लेकरं किती, घर कुठं, विचारायची. साडूचं वेड म्हणून मी जन्मभर हसलो. पण इतक्या वर्षांत एक दुपार मला दुकानात एकट्यानं काढावी लागली नाही, ती त्या वेडापायी. हे मी त्याला कधी बोललो नाही. बोललो असतो तर तो डोक्यावर बसला असता.

मंग विमानं आली. म्हणजे त्याच्या डोक्यात आली. साहेबांना चिकलठाण्याच्या विमानतळावर सोडायला आणि आणायला तोच जायचा. जाता येता साहेब बोलत, हा ऐकत असे. त्यात त्याला कळलं की सरकारी माणूस सरकारी खर्चानं विमानात बसला तर सरकारच्याच विमान कंपनीत बसायला पाहिजे, असा नियम आहे. त्याला हे इतकं आवडलं की आठवडाभर येईल त्या गिऱ्हाइकाला माझ्या दुकानात तो हे सांगत होता. "बराबर हाये. सरकार सरकारच्याच गाडीत. आमच्यासारखंच." साहेबांच्या खिशातून सीटवर पडलेले विमानाच्या चिठ्ठ्यांचे तुकडे तो काचेच्या वर खोचून ठेवायचा. कुठलं विमान कुठं उतरतं, कुणाच्या विमानात जेवण देतात, कुणाच्या नुसतं चॉकलेट, सगळं तोंडपाठ. विमानात पाय मात्र कधी ठेवला नाही. मी एकदा म्हणालो, "साडू, न बसता एवढं कसं बोलता?" तर म्हणाला, "पाव्हणं, तुम्ही पंक्चरवाले. तुम्हाला हवा कळते, विमान कळत न्हाई."

मी म्हणालो, "उतरताना विमानालाही टायरच लागतंय." बायको त्या दिवशी माझ्या बाजूनं हसली.

एकदा शेतीखात्याचे एक साहेब परदेशात ठिबक बघायला गेल्ते. परत आले, त्यांना घेऊन साडू जालन्याला निघाला. साहेब सहज म्हणाले, तिकीट आपल्या सरकारी कंपनीचं होतं, नंबरही आपला, पण आत बसलो तर विमान परदेशी. बाया परदेशी, जेवण परदेशी, चालवणारा परदेशी. बदनापूरच्या अलीकडं साडूनं भर रस्त्यात ब्रेक दाबला. साहेबांचं कपाळ काचेला लागता लागता राहिलं.

"अन् आपला माणूस कोन होता आत?"

साहेब म्हणाले, "कोणी नाही. त्याला कोडशेअर म्हणतात. दोन कंपन्या करार करतात. एकीनं नाव द्यायचं, दुसरीनं विमान. तिकीट आपल्या नावाचं, म्हणून सरकारचा नियमही पाळला जातो."

"नाव आपलं, अन् आत कोनीच न्हाई?"

"अहो, गाडी चालवा."

त्यानं चालवली, पण मन तिथंच राहिलं. पुढच्या खेपेला चिकलठाण्याला गेला तेव्हा विमान उशिरा होतं. बाहेर टपरीवर सरकारी विमान कंपनीचा गणवेशवाला एक माणूस चहा पीत होता. साडूनं त्याला गाठलंच. हे सगळं बोलणं त्यानं आम्हाला इतक्या वेळा सांगितलं की मी तिथं होतो असं मला वाटतं.

"साहेब, तुमच्या नावाचं तिकीट काढलं अन् विमान परक्याचं निघालं, तर त्याच्यात तुमचा माणूस बसतो का?"

"आम्ही कशाला बसू?"

"नाव तुमचं हाये न?"

"अहो, करार झालेला असतो."

"करार कागदावर बसतो. विमानात कोन बसतं?"

तो माणूस पहिल्यांदा हसला. मंग चहा संपला तसा हसायचा थांबला. म्हणाला, "काका, खरं सांगू? त्यांची विमानं जास्त, नवी, वेळेवर. चांगले चांगले मार्ग त्यांच्याकडं चाललेत. लोकांना त्यांच्या विमानाची सवय झाली की आमचं तिकीट कशाला काढतील? एक दिवस आमची नुसती पाटी राहील."

साडू त्या दिवशी आमच्याकडं जेवायला आल्ता. ताटात हात घातला आणि तसाच बसला. बायकोनं विचारलं, "दाजी, भाजी अळणी झाली का?"

"न्हाई आक्का. नुसती पाटी राहील म्हणे."

तिला वाटलं, कुणाच्या घरी मयत झाली. मंग सगळं ऐकल्यावर ती हसली नाही, हे मला आठवतं. म्हणाली, "तुमची कामून राहील? तुम्ही तर बसता न गाडीत." तेव्हा तो जेवला.

त्यानंतर त्याला सगळीकडं कोडशेअरच दिसायला लागलं. लग्नपत्रिकेत प्रेषक म्हणून चुलत्याचं नाव आणि राबतो बाप, कोडशेअर. फोटो पुढाऱ्याचा आणि मांडव कार्यकर्त्याच्या पैशाचा, कोडशेअर. त्याच्या बायकोनं एकदा माझ्या बायकोनं केलेले धपाटे स्वतःचे म्हणून वाढले, तर हा पंगतीत उठून उभा राहिला आणि म्हणाला, "आक्काला बोलवा. तिच्याबिगर हे खाता येत न्हाईत." त्या रात्री त्याला घरात काय ऐकावं लागलं ते त्यानं सांगितलं नाही, पण दोन दिवस तो आमच्याच घरी जेवला.

आणि मंग जे विमानाचं झालं ते जीपचं झालं. सरकारनं ठरवलं, जिल्ह्याच्या गाड्यांचं टेंडर सुट्या सुट्या माणसांना द्यायचं नाही, एकाच कंपनीला द्यायचं. शहरातल्या बड्या कंपनीनं ते घेतलं. तिच्याकडं इथं एकही जीप नव्हती. साडूला कचेरीत बोलावलं. कारकून म्हणाला, "तुमचं काही बिघडत नाही. जीप तुमचीच लावा. फक्त पाटी कंपनीची लागंल."

साडूनं विचारलं, "कंपनीचा माणूस गाडीत बसंल का?"

कारकून म्हणाला, "कंपनी चार जिल्ह्यांत आहे. ती तुमच्या जीपमधी कशाला बसंल?"

"मंग जमत न्हाई," म्हणून हा घरी आला. जीप लिंबाखाली लावली, पाटीला खोळ चढवली, आणि सकाळ संध्याकाळ माझ्या दुकानात येऊन बसायला लागला. बाकीच्या जीपवाल्यांनी कंपनीच्या पाट्या लावल्या आणि कामाला लागले. मी त्याला सरळ बोललो. "साडू, तुमच्या कायद्यानं जीपला गंज चढून राह्यला. विमानवाल्यांना जमतं, तुम्हाला कामून जमत न्हाई?"

तो म्हणाला, "त्यांना वर कोन विचारतं पाव्हणं? ढगात कोनी ओळखीचं भेटत न्हाई. मला रस्त्यावर माणसं भेटतात."

त्याची बायको माझ्या बायकोकडं येऊन रडली. "आक्का, तूच सांग यांना. जीपखाली कोंबड्या अंडे देऊन राह्यल्या." खर्च वाढत होता तो वेगळाच, पण ती रडत होती ती त्याच्या तोंडाकडं बघून. माणूस इस्त्रीचा सदरा घालून, तयार होऊन, कुठंच जात नव्हता. रस्त्यानं सरकारी गाडी गेली की नकळत उठून उभा राहायचा. दार उघडायला हात पुढं जायचा आणि तसाच परत यायचा.

माझी बायको हे रोज बघत होती, डाळ निवडता निवडता. एक दिवस सूप खाली ठेवून म्हणाली, "दाजी, तुमचा कायदा काय हाये?"

"पाटी ज्याची, तो गाडीत."

"कंपनी येत न्हाई बसायला?"

"न्हाई."

"पोराच्या लग्नाला बाप नसला तर चुलता बसतो न पाटावर? मंग कंपनीच्या वतीनं कोनी बसलं तर तुमच्या कायद्याला चालंल का?"

त्यानं बराच वेळ विचार केला. दोन ट्रक हवा भरून गेले. मंग म्हणाला, "चालंल आक्का. पण कोन बसंल?"

"तुम्ही."

"मी तर चालवून राह्यलो."

"चालवायला माणूस ठेवा."

मी म्हणालो, "म्हणजे स्वतःच्याच जीपमधी हे परक्याच्या वतीनं बसणार, अन् यांच्या जागी दुसरा जीप चालवणार? दोघी बहिणी बहिणी तुम्ही, नवरे बराबर निवडले." पण मंग मी साडूचा चेहरा बघितला. कितीतरी दिवसांनी त्या चेहऱ्यावर उजेड होता. त्यानं चालवायला कुणाला ठेवलं असंल? मामूला. मामूची स्वतःची जीप केव्हाच भंगारात गेल्ती, आणि म्हातारपणी तो इतका सावध झाला होता की प्रत्येक फाट्यावर जीप थांबवून मागं वळून विचारायचा, "कौनसा पिंपळगाव, भाई?" गेवराईला जायचं असलं तरी.

पहिल्या दिवशी ते दोघं साहेबांना घेऊन निघाले आणि आमच्या दुकानासमोर थांबले, ते मी आधी सांगितलं आहे. आज मी कंपनी हाये. स्वतःची पाटी त्यानं खोळीत घालून मांडीवर घेतली होती. ड्युटीवर नसली तरी बरोबर असावी म्हणून.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायको खुर्चीत बसली होती. म्हणाली, "अवो, जरा घाबरल्यासारखं होऊन राह्यलं." मी हात पुसून उठेपर्यंत मान खाली गेली. सूप मांडीवरच होतं, सांडलं नाही. जल्दी गाडी बघा म्हणून मी ओरडलो, पण गाडीचं कामच राहिलं नव्हतं. संध्याकाळी गोदावरीकाठी सगळं उरकलं. लेक आली होती. साडू ड्युटी सोडून आला, जीपला कुठलीच पाटी नव्हती.

सकाळी मला घरात बसवेना. मी दुकानाशी गेलो, स्टूल ठेवलं आणि पान्ह्यानं पाटीचे नट सोडवायला लागलो. एक सुटला तेवढ्यात मागून आवाज आला.

"पाव्हणं, काय करून राह्यले?"

स्वतःची खोळीतली पाटी काखेत घेऊन साडू उभा होता. पायीच आल्ता.

मी म्हणालो, "पाटी काढून राह्यलो. तुमचाच कायदा हाये. नाव हाये, माणूस न्हाई."

मला वाटलं, बराबर म्हणंल. कायद्यात तो कधी चुकला नव्हता. पण त्यानं माझ्या हातातला पान्हा घेतला, सुटलेला नट पुन्हा बसवला आणि पिळून घट्ट केला. म्हणाला, "ड्युटी संपली म्हणून पाटी काढत न्हाईत. झाकतात."

मंग त्यानं काखेतली पाटी काढली, खोळीची नाडी सोडली आणि खोळ उतरवली. तिनंच शिवलेली खोळ, धुऊन धुऊन काळ्याची करडी झालेली. स्टुलावर चढून ती त्यानं आमच्या पाटीवर ओढली. पण ती जीपच्या पाटीच्या मापाची. कितीही ताणली तरी वरची एकच ओळ झाकली. तिचं नाव आत गेलं, आणि खाली "येथे पंक्चर काढून मिळेल" हे उघडंच राहिलं. त्यानं नाडी खिळ्याला बांधली, खाली उतरला, मागं सरून बघितलं आणि म्हणाला, "हे बी खरंच हाये. मिळंल."

तेवढ्यात एक ट्रक कडेला लागला. मागचं टायर बसलेलं. ड्रायव्हरनं विचारलं, "दुकान चालू है क्या?" सुतकात दुकान उघडत नाहीत, लोक नावं ठेवतात. साडू म्हणाला, "चालू है. रुको." मंग माझ्याकडं बघून, "पाव्हणं, जॅक घ्या."

मी जॅक घेतला. ट्रकखाली वाकलो आणि तिथून बघितलं. तो तिच्या खुर्चीपाशी गेला, दार उघडताना वाकायचा तसा वाकला, सूप उचललं आणि खुर्चीत ताठ बसला. त्याची उघडी पाटी पायाशी टेकवून ठेवली होती. सुपात कालची अर्धी निवडलेली डाळ तशीच होती. चष्मा नव्हता आणला. खडे सुपात ठेवत होता, आणि डाळ वेचून बाहेर टाकत होता. मी जॅक फिरवायला लागलो.